चुकीची चाहूल : मंत्रचळ आणि मेंदूचे विद्युत् आलेख

बटण दाबताना बोट चुकले, तर ती चूक आपल्या ध्यानात येण्याआधीच मेंदूने तिची नोंद घेतलेली असते. बोट खाली गेल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, कपाळाच्या वर डोक्याच्या मध्यरेषेवर बसवलेल्या इलेक्ट्रोडला विद्युत्‌दाबाची एक छोटी, टोकदार घसरण जाणवते. निरोगी माणसांतही ती दिसते. ज्यांना ओसीडी आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो विकार आहे, त्यांच्यात ही घसरण सरासरीने जास्त खोल असते. या एका निरीक्षणाभोवती गेल्या पंचवीस वर्षांत एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. मानसशास्त्राचे विद्यार्थी, मनोविकारतज्ज्ञ होऊ पाहणारे डॉक्टर आणि संकेतांच्या गणितात रमणारे अभियंते, अशा तिघांनाही या क्षेत्रात यायचे मी मनापासून निमंत्रण देतो आहे. या कामाला तिघेही लागतात, आणि तिघे एका टेबलाशी बसले तरच ते नीट होते.

आधी विकाराबद्दल. मंत्रचळाचा विषय निघाला की लोक हसतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. एखाद्या आत्याचे सोवळे, एखाद्या काकांचे कुलूप ओढओढून पाहणे, हे सगळे घरात गमतीने सांगितले जाते. टापटीप, शिस्त, स्वच्छतेची हौस म्हणजे ओसीडी नव्हे. ओसीडीत नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो. तो आपल्याच मनातला आहे हे कळत असते, तरी तो परका वाटतो. त्याने उठवलेली घालमेल शमवायला काहीतरी करावे लागते : धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणणे. केल्यावर घटकाभर बरे वाटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसाचे कित्येक तास यात जातात. साबणाने हातांची साले निघतात. परीक्षेत तेच उत्तर खोडून पुन्हा लिहिताना पेपरची वेळ संपते. बाळंतिणीच्या मनात बाळाला इजा करण्याचे चित्र तरळते, आणि आपण राक्षसीण आहोत या धास्तीने ती घरातल्या सगळ्या सुऱ्या दडवून ठेवते. तिच्या हातून बाळाला काही होण्याची भीती तिच्याइतकी कुणालाच वाटत नसते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये दर हजारी सुमारे आठ जणांना हा विकार आढळला. हे प्रमाण हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की बहुतेक रुग्णांना सगळे कळत असते. ‘हात स्वच्छ आहेत हे मला माहीत आहे, पण तसे वाटत नाही,’ असे वाक्य या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. माहीत असणे आणि तसे वाटणे यांच्यात इतकी फारकत कशी पडते, हाच मंत्रचळाचा गाभ्याचा प्रश्न आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉजर पिटमन यांनी 1987 मध्ये त्याला एक नेमके रूप दिले. प्रत्येक कृती करताना मेंदू ‘हवे ते’ आणि ‘झाले ते’ यांची तुलना करत असतो, दोहोंत फरक दिसला की चुकीचा संकेत उठतो आणि फरक मिटला की तो विरतो. ओसीडीत हा संकेत विरतच नाही, असे त्यांनी मांडले. दार लागले तरी ‘लागले नाही’ हा संकेत चालूच राहतो, आणि माणूस तो बंद पाडण्यासाठी पुन्हा दाराकडे जातो. त्या वेळी ही केवळ कल्पना होती. तसा संकेत मेंदूत खरोखर मोजता येईल, याचा पुरावा तेव्हा कुणाच्या हाती नव्हता.

तो पुरावा यायचा होता ईईजीतून, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत् आलेखातून. ईईजी हे मनोविकारशास्त्राचेच अपत्य आहे, हे आज विसरायला झाले आहे, कारण रुग्णालयात ईईजी म्हटले की फिट येणारा रुग्ण आणि न्यूरॉलॉजिस्ट हीच जोडी डोळ्यांपुढे येते. हान्स बर्गर हे जर्मनीतल्या येना शहरातले मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करी सरावात ते घोड्यावरून तोफगाड्यापुढे पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूरवरच्या बहिणीच्या मनात भावाबद्दल धाकधूक उठली आणि घरून खुशाली विचारणारी तार आली. एका मनाची ऊर्जा दुसऱ्यापर्यंत पोचली असावी, या समजाने त्यांना आयुष्यभर झपाटले. त्या ऊर्जेचा माग काढताना 1924 मध्ये त्यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विद्युत् आलेख घेतला, पाच वर्षे तो पुन्हा पुन्हा पारखला आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केला. लोकांचा विश्वास बसला तो 1934 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच लयबद्ध तरंग दाखवल्यावर. मनाची ऊर्जा बर्गर यांना सापडली नाही. सापडली ती मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की उमटणारी, व्होल्टच्या दशलक्षांश भागात मोजावी लागणारी हालचाल.

ओसीडीच्या रुग्णांचा ईईजी काढण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या पासेला आणि सहकाऱ्यांनी असे आलेख प्रसिद्ध केले आणि त्यांतले बरेचसे त्यांना सामान्य वाटले नाहीत. पण ते वाचन डोळ्यांनी केलेले होते. कागदाच्या लांबलचक पट्टीवरच्या रेषा पाहून ‘थोडे मंद तरंग दिसतात’ असे म्हणण्याने फारसे हाती लागत नाही, आणि पुढची काही दशके या विषयात तुरळक, एकमेकांशी न जुळणारे निष्कर्षच जमत गेले. त्या काळावर मी वाचकाला थांबवणार नाही. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या बॅक्स्टर यांच्या पेट स्कॅनने ओसीडीच्या रुग्णांत डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा भाग आणि खोलवरचे कॉडेट केंद्र जास्त तापलेले दाखवले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिकडे वळले आणि ईईजी मागे पडला. पेटने जागा सांगितली. तिथे काय घडते आणि कोणत्या क्रमाने, हे तो सांगू शकत नव्हता, कारण त्याचे एक चित्र तयार व्हायला मिनिटे लागतात आणि चूक तर सेकंदाच्या अंशात घडून जाते.

आता प्रयोगाच्या खोलीत जाऊ या. पुस्तकातली वाक्ये वाचून हा विषय कळत नाही, एकदा तरी तो डोळ्यांनी पाहावा लागतो. सहभागी व्यक्तीला आधीच सांगितलेले असते : डोके शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका. आपल्याकडे ही सूचना दोनदा द्यावी लागते. खुर्चीत बसल्यावर नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेपने माप घेतात, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि त्या मापांच्या दहा व वीस टक्क्यांवर जागा ठरतात. हर्बर्ट जॅस्पर यांनी 1958 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. मग इलेक्ट्रोड बसवलेली टोपी येते. प्रत्येक छिद्रातून बोथट सुईच्या सिरिंजने जेल सोडतात, केस बाजूला सारून त्वचा किंचित घासतात आणि पडद्यावर त्या जागेचा विद्युत् अडथळा खाली येईपर्यंत थांबतात. बत्तीस जागा असतील तर अर्धा तास सहज जातो. डोक्याच्या मधोमध, टाळूच्या थोडी पुढे असलेली जागा नीट लागली का, याकडे आमचे डोळे लागलेले असतात, कारण चुकीचा संकेत तिथे सर्वांत ठसठशीत येतो. पंखा, ट्यूबलाइट, एसी यांच्यामुळे घुसणारी 50 हर्ट्‌झची गुणगुण, पापण्यांची उघडझाप, दात आवळणे, मान आखडणे, या सगळ्यांचे तरंग मेंदूच्या तरंगांपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते ओळखायला शिकणे हाच पहिल्या काही महिन्यांचा अभ्यास.

ज्या माणसाला दूषित होण्याची भीती आहे, त्याच्यासाठी हा अर्धा तास साधा नसतो. ही टोपी आधी कुणाच्या डोक्यावर होती? जेल कशाचे आहे? सुई नवी आहे ना? तो विचारतो, आणि विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. टोपी कशी धुतली, निर्जंतुक कशी केली, हे त्याला एकदा, सावकाश आणि खरेखरे सांगावे. तोच प्रश्न पाचव्यांदा आला, तर मात्र प्रयोग करणाऱ्याला भान हवे, कारण पुन्हा पुन्हा दिलासा मागणे हा विकाराचाच भाग असतो आणि पुन्हा पुन्हा दिलासा देणे म्हणजे त्याला खतपाणी घालणे. तरीही तिथे उपचार करायला बसू नये, कारण त्याची परवानगी त्या माणसाने दिलेली नाही. ‘हे आपले बोलणे झाले आहे, नको असेल तर आपण इथेच थांबू,’ एवढे म्हणावे आणि तो थांबला तर मनापासून आभार मानावेत. एक नमुना हातचा गेला म्हणून चडफडणाऱ्या संशोधकाने हे क्षेत्र सोडलेले बरे.

टोपी लागली की काम सोपे आहे. पडद्यावर पाच बाण एका ओळीत क्षणभर झळकतात. मधला बाण ज्या दिशेला, त्या बाजूचे बटण दाबायचे. कधी बाकीचे चार बाण त्याच दिशेला असतात, कधी उलट्या. उलटे असले की बोट फसते. हे शेकडो वेळा होते आणि दहातली एखादी चूक होतेच, कारण काम मुद्दाम घाईचे ठेवलेले असते. आम्हाला चुकाच हव्या असतात. एकेका चुकीचा तरंग वेगळा काढून पाहिला तर काही दिसत नाही, कारण चुकीचा संकेत दहा मायक्रोव्होल्टच्या आसपास आणि बाकीचा मेंदू त्याच्या कितीतरी पट मोठा गलबला करत असतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना दारावरची टकटक ऐकू येत नाही. पण टकटकीचा नेमका क्षण माहीत असेल आणि असे अनेक क्षण एकावर एक ठेवले, तर पावसाचा आवाज एकमेकांत मिटत जातो आणि टकटक उरते. सरासरी काढणे म्हणजे हेच. मिटण्याचा हिशेबही ठरलेला आहे : गलबला नमुन्यांच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होतो, म्हणजे चार पट चुका घेतल्या तर तो निम्मा. आणि उरलेला तरंग पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक सूचना. या शाखेतल्या अनेक प्रयोगशाळा ऋण विद्युत्‌दाब वरच्या बाजूला काढतात. मी ज्याला घसरण म्हटले, ती छापील आकृतीत डोंगरासारखी दिसेल. आधी अक्षावरची चिन्हे वाचावीत.

हा तरंग 1990 च्या सुमारास दोन ठिकाणी वेगवेगळा सापडला. जर्मनीत डॉर्टमुंडला फाल्केनश्टाइन आणि सहकाऱ्यांनी तो पाहिला, अमेरिकेत इलिनॉयला विल्यम गेरिंग आणि सहकाऱ्यांनी. गेरिंग यांचा 1993 चा निबंध गाजला. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मला सर्वांत मोलाची वाटते : सहभागी लोकांना ‘वेगापेक्षा अचूकता महत्त्वाची’ असे सांगितले की तरंग मोठा होतो. म्हणजे तो नुसती चूक मोजत नाही, त्या माणसाला चुकीची किती फिकीर आहे हेही त्यात उतरते. या तरंगाला एरर-रिलेटेड निगेटिव्हिटी, थोडक्यात ईआरएन, म्हणतात. तो मुख्यतः अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीतल्या भागातून येतो, असे मानले जाते. 2000 मध्ये गेरिंग, हिम्ले आणि निसेन्सन यांनी ओसीडीच्या रुग्णांना रंगांची नावे आणि शाईचे रंग यांची गल्लत घडवणारे स्ट्रूप काम दिले. रुग्णांचा ईआरएन निरोगी लोकांपेक्षा मोठा निघाला. पिटमन यांनी तेरा वर्षांपूर्वी जी कल्पना केली होती, तिला जणू मोजपट्टी मिळाली.

इथे पुस्तक मिटले असते, तर विषय फार देखणा झाला असता. खरी गंमत मात्र त्यापुढे आहे.

पहिली गोष्ट, रुग्णांचा संकेत केवळ चुकल्यावरच मोठा नसतो. बरोबर उत्तर दिल्यावरही मेंदूत याच जागी एक छोटा तसलाच तरंग उठतो, आणि काही अभ्यासांत तोही ओसीडीत मोठा आढळला आहे. बरोबर करूनही ‘काहीतरी चुकले’ अशी कुजबुज. दुसरी गोष्ट, चुकीनंतर सेकंदाच्या पाव-तिसऱ्या भागाने येणारा दुसरा, धन बाजूचा तरंग असतो. नॉयवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले, की ईआरएन माणसाला चुकीचा पत्ताही नसताना उमटतो, हा दुसरा तरंग मात्र चूक कळली तरच उमटतो. ओसीडीत हा दुसरा तरंग बहुधा सर्वसाधारणच असतो. जाणिवेपूर्वीची चाहूल वाढलेली आणि जाणिवेतले आकलन शाबूत, असे हे चित्र आहे. ‘माहीत आहे पण तसे वाटत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला मी ही आकृती दाखवली तर तो ती क्षणात ओळखेल, असे मला वाटते. एवढ्यावरून त्या वाक्याचे स्पष्टीकरण मिळाले असे मात्र मी म्हणणार नाही. पण प्रश्न कुठे शोधायचा, हे तरी त्यातून कळते.

तिसरी गोष्ट बर्लिनहून आली. हुम्बोल्ट विद्यापीठात नॉर्बर्ट काथमान यांच्या गटाने 2010 मध्ये चुकीला दंड ठेवला. दंड लागताच निरोगी लोकांचा ईआरएन वाढला. रुग्णांचा वाढला नाही, तो आधीच तेवढा होता, आणि दोन गटांतला फरक मिटला. आपल्याला दंडाची भीती दाखवल्यावर आपला मेंदू ज्या अवस्थेत जातो, त्या अवस्थेत हे लोक साध्या बाणांच्या खेळातही असतात. कुटुंबीयांनी समजून घ्यावे असे या साऱ्या संशोधनात काही असेल, तर ते मला हेच वाटते. ‘एवढ्याशा गोष्टीचे काय इतके?’ असे जेव्हा घरात म्हटले जाते, तेव्हा समोरच्याला ती गोष्ट एवढीशी वाटतच नसते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत चक्रावणारी. उपचाराने लक्षणे कमी झाली की ईआरएनही कमी व्हायला हवा, असे कुणालाही वाटेल. ग्रेग हायचाक आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ओसीडी असलेल्या मुलांचे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे आलेख पाहिले. मुले सुधारली, ईआरएन मोठाच राहिला. प्रौढांतही पुढे तेच दिसले. 2011 मध्ये आन्या रीझेल यांच्या अभ्यासात रुग्णांचे सख्खे नातेवाईक घेतले होते, ज्यांना स्वतःला कुठलाही विकार नव्हता. त्यांचाही ईआरएन मोठा होता. मग हा तरंग आजाराचा नव्हे, आजाराकडे झुकलेल्या घडणीचा म्हणायला हवा. चाहूल तीव्र असूनही भाऊ आजारी पडला नाही, बहीण पडली. चाहूल तशीच असूनही उपचारानंतर मूल दप्तर एकदाच तपासून शाळेत जाऊ लागले. संकेत उठतो, पण त्याचे ऐकायलाच हवे असे नाही, हे शिकता येते. प्रतिक्रिया रोखून भीतीला सामोरे जाण्याची जी वर्तनोपचार पद्धत व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये लंडनमध्ये मांडली, ती नेमके हेच शिकवते. ईईजीने दिलेल्या ज्ञानात मला हे सर्वांत आशादायक वाटते, आणि म्हणूनच ‘मेंदूतला दोष’ असे शब्द या पुस्तकात सापडणार नाहीत.

चित्र यापेक्षाही गुंतागुंतीचे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मोठा ईआरएन फक्त ओसीडीतच असतो असे नाही, सतत काळजी करणाऱ्यांतही तो दिसतो. कामाचा प्रकार बदलला, उदाहरणार्थ बक्षीस-शिक्षेवरून हळूहळू शिकायचे काम दिले, तर रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक नाहीसाही होतो. लक्षणांच्या तीव्रतेशी त्याचा संबंध कधी लागतो, कधी लागत नाही. एका निबंधावर कुणी भाळू नये, म्हणून हे सांगून ठेवले.

काहीही काम न देता, डोळे मिटून बसवून काढलेल्या ईईजीचा रस्ता निराळा. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या लेस्ली प्रिचेप आणि सहकाऱ्यांनी संगणकाने तरंगांचे मोजमाप करून ओसीडीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकात मंद थीटा तरंग जास्त, दुसऱ्यात अल्फा. अल्फा गटातल्या बहुतेकांना सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांनी गुण आला, थीटा गटातल्या बहुतेकांना नाही. औषधाचा गुण कळायला दहा-बारा आठवडे वाट पाहावी लागते, अशा विकारात हे आधी सांगता आले तर केवढी सोय होईल. कल्पना मोहक आहे, पण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये एखाद्या रुग्णाच्या आलेखावरून औषध ठरवावे इतकी ती अजून पक्की झालेली नाही. शहरोशहरी ‘ब्रेन मॅपिंग’ची रंगीत चित्रे दाखवून निदान विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो : ईईजीवरून ओसीडीचे निदान होत नाही. निदान होते ते माणसाशी नीट बोलून, आणि तीव्रता मोजली जाते वेन गुडमन यांनी 1989 मध्ये तयार केलेल्या येल-ब्राउन मापनपट्टीच्या दहा प्रश्नांनी.

ही सावधगिरी नुसत्या पैशाच्या फसवणुकीपुरती नाही. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ या ईईजीवर आधारलेल्या चाचणीचा आधार घेतला. आरोपीला वाक्ये ऐकवायची आणि तरंगांवरून त्या घटनेचा ‘अनुभव’ तिच्या मेंदूत आहे का ते ठरवायचे, अशी ती चाचणी. जगभरच्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात अशा चाचण्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. आपल्या क्षेत्राशी याचा संबंध सरळ आहे. डोक्यावरच्या तरंगांतून आतले उगमस्थान एकमेव ठरवता येत नाही, हे हेल्महोल्ट्‌झ यांनी 1853 मध्येच गणिताने दाखवले होते. मग त्यातून एखाद्याच्या आठवणी किंवा विचार वाचण्याचा दावा किती जपून करायला हवा! ज्या आईला बाळाबद्दलच्या नकोशा चित्रांनी छळले आहे, तिला जर वाटले की या तारांमधून माझ्या मनातले यांना दिसणार, तर ती खुर्चीत बसणारच नाही. तिला आधीच स्पष्ट सांगायला हवे, की यातून विचार दिसत नाहीत.

वरून न दिसणारे खोलवरचे केंद्र प्रत्यक्ष ऐकण्याची संधी अलीकडे मिळाली आहे. अगदी असाध्य रुग्णांत मेंदूत खोल इलेक्ट्रोड बसवून उद्दीपन देण्याचा उपचार बेल्जियमच्या न्युटिन यांनी 1999 मध्ये दाखवला. आता ही उपकरणे उद्दीपन देता देता नोंदीही घेतात, आणि त्याही रुग्ण घरी असताना. निकोल प्रोव्हेन्झा आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अशा घरगुती नोंदी प्रसिद्ध केल्या. 2024 मध्ये त्यांनी सांगितले, की आजारपणात खोलवरच्या व्हेंट्रल स्ट्रायटममधला सुमारे 9 हर्ट्‌झचा तरंग रोज घड्याळासारखा ठरावीक चढउतार करतो, आणि रुग्णाला बरे वाटू लागले की त्याचा हा साचेबंदपणा मोडतो. या गटात गुडमनही आहेत. दहा प्रश्नांची कागदी पट्टी करणारा माणूस तीन दशकांनी मेंदूतल्या तारेपर्यंत पोचतो, हे या क्षेत्राच्या वाटचालीचे माझे आवडते उदाहरण आहे.

एक कोडे मात्र सुटायचे आहे, आणि ते मी नव्या वाचकासाठी राखून ठेवले आहे. डोक्याबाहेरून चुंबकीय उद्दीपन देण्याच्या खोल पद्धतीला अमेरिकेत 2018 मध्ये ओसीडीसाठी मान्यता मिळाली. त्यामागच्या बहुकेंद्री चाचणीत खऱ्या उद्दीपनाने 38 टक्के रुग्णांना, तर दिखाऊ उद्दीपनाने 11 टक्क्यांना गुण आला. त्याआधीच्या अभ्यासात लिओर कार्मी आणि सहकाऱ्यांनी ईआरएनही मोजला होता. ज्यांना गुण आला, त्यांचा ईआरएन कमी झाला नव्हता, तो वाढला होता. मोठा ईआरएन जर झुकावाची खूण, तर बरे होताना तो वाढावा का? कदाचित वाढलेला संकेत दोन निराळ्या गोष्टींतून येत असेल, एक धास्तीतून आणि एक सिंग्युलेटच्या चांगल्या कामातून. कदाचित आपण सरासरीत दोन तरंगांची गफलत करतो आहोत. याचे उत्तर देणारा प्रयोग अजून कुणीतरी आखायचा आहे.

तो आपल्याकडे का होऊ नये? बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे आणि तिथले संशोधन जगात वाचले जाते. महाराष्ट्रातही सामग्रीची वानवा नाही. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. सोबत आई येते, भाऊ येतो, नवरा येतो, आणि ते तासन्‌तास बाकावर बसून असतात. सख्ख्या नातेवाइकांच्या अभ्यासासाठी परदेशी संशोधकांना जाहिराती द्याव्या लागतात. आपण बाकाकडे जाऊन, नीट समजावून आणि ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मुभा देऊन विचारायचे आहे. स्ट्रूप काम देवनागरीतल्या ‘लाल’, ‘निळा’, ‘हिरवा’ या शब्दांनी होते, पण वाचनाचा सराव कमी असलेल्यांना बाणांचे कामच द्यावे. सूचना कशी द्यायची, हे आधी ठरवून छापून ठेवावे. एका विद्यार्थ्याने ‘पटापट दाबा’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘चुकू नका हं’ म्हटले, तर गेरिंग यांच्या 1993 च्या निबंधाने दाखवलेला फरक तुमच्या आकड्यांत शिरेल आणि कुणाला कळणारही नाही. यंत्र तर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत फिटच्या रुग्णांसाठी आधीच ठेवलेले असते. त्यात सहसा नसते ती पडद्यावर बाण झळकल्याचा आणि बटण दाबल्याचा क्षण मिलिसेकंदाच्या अचूकतेने आलेखात नोंदवणारी जोडणी. ती कमी खर्चात कशी करायची, आणि ती बरोबर झाली आहे हे छोट्या फोटोडायोडने कसे तपासायचे, याची माहिती तिसऱ्या प्रकरणात आहे. ज्यांच्या हाताशी यंत्र आहे, त्यांनी थेट तिथून सुरुवात केली तरी चालेल.